अण्णांची माशी

ठासणीची बंदूक म्हटली की शहरातल्या माणसाला संग्रहालयातली काचेची पेटी आठवते. आमच्या तळकोकणात ती माजघरातल्या कुलुपाच्या कपाटात असते आणि कपाटाच्या दाराशीच कोयता, विजेरी आणि घुंगुरकाठी ठेवलेली असते. म्हणजे ती शेतीची अवजारं जिथे, तिथेच. परवान्यावर तिचं कारणही तसंच लिहिलेलं असतं, 'पीक संरक्षण'. सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याला लागून जी गावं आहेत, तिथे दर चार-पाच वाड्यांमागे एकाच्या तरी घरी असा परवाना सापडेल.

ही बंदूक जुनी असते असं नाही. नमुना जुना असतो. आमची बंदूक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, १९७८ साली कोरी घेतली. नळीवर मुंगेरच्या कारखान्याचा ठसा आहे. बिहारातलं मुंगेर बंदुकांच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं. पण तिची सगळी रचना दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, त्यावर गोळी किंवा छर्रे, मग गजानं ठासायचं. मागे केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर पडतो, केप फुटते, ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

केपेची युक्ती एका पाद्र्याची. अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा स्कॉटलंडमधला धर्मोपदेशक बदकांच्या शिकारीचा शौकीन होता. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर भपकन जाळ व्हायचा आणि मग बार उडायचा. तेवढ्यात पक्षी सावध होऊन उडून जायचे. म्हणून त्यानं ठोक्यानं पेटणारं स्फोटक वापरून बघितलं आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच तांब्याची केप आली. १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७चा वणवा पेटला, तीही तोंडातूनच भरायची आणि केपेवरच उडायची. आमच्या बंदुकीची धाटणी बरीचशी तिच्यावर बेतलेली. फरक एवढाच, की रायफलच्या नळीला आतून आटे असतात, आमचीची नळी आतून गुळगुळीत.

दुसरी एक गोष्ट तिनं एन्फिल्डकडून उचलली होती. बहुतेक ठासणीच्या बंदुकांना पुढच्या टोकाला नुसता पितळेचा मणी असतो. आमचीला पुढे माशी आणि मागे खाच, असं दोन्ही होतं. मागच्या खाचेतून बघायचं, पुढची माशी त्या खाचेच्या मधोमध आणायची, माशीचं डोकं खाचेच्या काठाबरोबर ठेवायचं आणि ते सगळं लक्ष्याच्या खाली नेऊन टेकवायचं. नेम धरणं म्हणजे एवढंच. लिहायला दोन ओळी लागतात. हाताला मात्र वेळ लागतो.

अण्णा २०१७च्या श्रावणात गेले. दिवसकार्य झालं आणि चौदाव्या दिवशी मी बंदूक आणि परवाना घेऊन ठाण्यात गेलो. परवानाधारक गेला की त्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही. जमा करून पावती घ्यायची आणि वारसानं आपल्या नावे अर्ज करायचा. २०१६च्या नव्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची वाट नीट लिहिलेली आहे. अण्णांनी सत्तरी ओलांडली होती, बंदूक ठेवून पंचवीस वर्षांहून जास्त झाली होती, म्हणजे ते हयात असतानाच ती माझ्या नावे करता आली असती. पण हयात माणसाला तसं कोण विचारणार? बंदूक मागणं म्हणजे, तुमचं आता संपलं, असं तोंडावर सांगणं.

मी मुंबईत सव्वीस वर्षं नोकरी करून नुकताच गावी परतलो होतो. आई घरी एकटी. नदीच्या काठाला पावणेदोन एकर भात, वरच्या अंगाला काजू, परसात माड आणि केळी. बहिणींनी ना हरकत लिहून दिली. सातबारा, दाखले, पंचनामा, जबाब, फेऱ्या. दोन वर्षांनी परवाना माझ्या नावावर झाला आणि २०१९च्या पावसाळ्यात बंदूक घरी आली. आईनं तिला पाटावर ठेवून हळद-कुंकू लावलं. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, नांगर आणि बंदूक यांची पूजा एकत्रच होते, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दसऱ्यापर्यंत ती घरी राहिली मात्र नाही. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायला बोलावतात. २००९, २०१४ आणि २०१९, तिन्ही वेळा विधानसभा ऑक्टोबरातच आली. आमचं भात पिकतं तेही त्याच महिन्यात. गावातले लोक म्हणायचे, डुकरांकडे आचारसंहितेचा कागद कुणी पोचवला की काय! त्या वर्षी मी पत्र्याचा डबा बडवून राखण केली. नदीकाठचे दोन कुणगे गेले. डुक्कर खातं त्याच्या तिप्पट तुडवतं. सकाळी बघितलं की वाटतं, रात्री कुणी बैल सोडून चिखलणी केली.

बंदूक परत आली ती नोव्हेंबरात. आता तिच्याशी ओळख करून घ्यायची होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बंदुकीचे दहातले नऊ बार रिकामे असतात. नुसती दारू ठासून आवाज करायचा. केळडी येतात, वानर येतात, त्यांना आवाज पुरतो. रानडुक्कर असो की गवा, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर वन खात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि मारण्याची हौस अण्णांनाही नव्हती. मग माशी आणि खाच यांची एवढी उठाठेव कशाला, असं कुणीही विचारेल. तर ती दहाव्या बारासाठी. रीतसर परवानगी हातात असते, पिसाळल्यासारखा एकटा नर रोज येतोय, माणसांच्या अंगावर जातोय, अशी वेळ दोन-चार वर्षांतून एकदा येते. तेव्हा गोळी जिथे बघतो तिथेच जायला हवी. ती हातभर सरकली तर जबडा फुटलेलं जनावर रानात जातं, चार दिवस कुजत मरतं आणि मरेपर्यंत वाटेत येईल त्याला फाडतं. आणि रात्रीच्या राखणीला आपण एकटे नसतो. पलीकडच्या मांगरात चुलतभाऊ असतो, बांधावरून कुणी विजेरी न लावता येत असतो. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आमच्या भागात अधूनमधून ऐकू येतात. ज्याच्या हातात बंदूक, त्याला तिची गोळी कुठे जाते हे माहीत नसेल, तर त्याच्यापेक्षा डबा बडवणारा बरा.

आमच्याच जमिनीत एक बंद पडलेली चिरेखाण आहे. तिन्ही बाजूंनी जांभ्याच्या उभ्या भिंती, दोन पुरुष खोल. ठाण्यात आधी सांगून ठेवलं आणि एका सकाळी तिथे गेलो. समोरच्या भिंतीला लागून मातीचा उंच ढीग घातला, कारण जांभ्यावर गोळी आपटून कुठेही उडू शकते. ढिगापुढे पुठ्ठा उभा केला, त्यावर चुन्याचा वाटीएवढा गोल. टेपानं मोजून तीस मीटरवर एक बाक मांडला. तीस मीटरच का, तर मांगराच्या दारापासून रानाच्या कडेपर्यंत अंतर तेवढंच आहे. बाकावर भाताच्या तुसानं भरलेलं पोतं ठेवलं आणि बंदूक त्यावर टेकवली. हात कापला, श्वास चुकला, या सबबी पोत्यामुळे निकालात निघतात.

तीन बार काढले. दर बाराला दारूचं माप तेच, पितळी मापट्यानं काठोकाठ. गोळी तीच, बोळा तेवढाच. दोन बारांच्या मध्ये ओल्या फडक्यानं नळी पुसायची. काळी दारू जळली की आत काजळी धरते, पुढची गोळी अडखळत जाते आणि मग एकाचा हिशेब दुसऱ्याला लागत नाही. गजावर अण्णांनी दोन खाचा पाडून ठेवल्या होत्या. नळी रिकामी असली की गज कुठपर्यंत आत जातो ती एक, आणि बार नीट ठासला असला की कुठपर्यंत जातो ती दुसरी. गज घालून बघितल्याशिवाय बंदूक रिकामी आहे असं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. गोळी दारूवर घट्ट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फाटू शकते. तेही ती खूणच सांगते.

तिन्ही भोकं तळहाताएवढ्या जागेत पडली. गुळगुळीत नळीला एवढं पुष्कळ झालं. पण तो तळहात पडला होता गोलाच्या डावीकडे आणि खाली. पुन्हा तीन काढले. तिथेच. मोजलं तर मध्यापासून सहा सेंटीमीटर डावीकडे, आठ सेंटीमीटर खाली.

बंदूक एकाच जागी मारते आहे, तर तिच्यात बिघाड नाही. तिची नजर दुसरीकडे आहे. आणि याच बंदुकीनं अण्णांनी फांदीवरचा नारळ देठाला तोडलेला मी स्वतः बघितला होता, तोही ते पासष्टीचे असताना.

मेस्त्रीकाकांना बोलावून आणलं. आमच्या पंचक्रोशीत ठासणीच्या बंदुकांचं दुरुस्तीकाम बघणारे ते एकटेच उरलेत. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी पुठ्ठा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसले.

"बंदूक खोटा बोलणा नाय, बाबू. ही अजून अण्णांच्याच डोळ्यान बघता."

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. नव्वदीच्या सुमारास अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. त्यांना माशी धुरकट दिसायला लागली. ते ती खाचेच्या मधोमध धरेनात. खाचेच्या उजव्या भिंतीला टेकवायचे, आणि नीट दिसावी म्हणून काठाच्या वर काढून धरायचे. त्यामुळे गोळ्या उजवीकडे आणि वर जायला लागल्या. अण्णा मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री म्हणाले, डोळा दाखवा. अण्णा म्हणाले, डोळा दाखवीन नंतर, भात तोंडावर आलंय, तू माशी बघ. मेस्त्रींनी जुनी माशी काढली, तिच्यापेक्षा उंच नवी घडवली आणि ती थोडी उजवीकडे सरकवून बसवली. बंदूक अण्णांच्या डोळ्याबरहुकूम झाली. डोळ्याचं ऑपरेशन झालं २००८ साली. तोवर माशी भिंतीला टेकवून, वर काढून धरायची सवय अशी मुरली होती, की डोळा साफ झाला तरी त्यांनी बंदुकीला हात लावू दिला नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. त्या काळात मी मुंबईहून गणपतीला चार दिवस यायचो. अण्णांनी डोळ्याबद्दल एका अक्षरानं पत्रात लिहिलं नव्हतं की फोनवर बोलले नव्हते. त्यांनी डोळ्याचं दुखणं कुणाला सांगितलं, तर बंदुकीला आणि मेस्त्रींना.

"आता काय करूचा?" मी विचारलं.

"काय करूचा म्हणजे? डोळो बदलूक येणा नाय. माशी बदलूची."

मग त्यांनी मला तो नियम शिकवला. मागची खाच सरकवायची असेल, तर गोळी जिकडे जायला हवी तिकडे सरकवायची. पुढची माशी सरकवायची असेल, तर उलट. गोळी जिकडे चुकून गेली, तिकडे. "माशी चुकीच्या पाठसून जाता," ते म्हणाले, "गोळी खय गेली, थय माशी न्हेवची." आधी हे उलटं वाटतं. पण कागदावर रेघ ओढून बघितलं की पटतं. नजर खाच आणि लक्ष्य यांच्यामध्ये सरळ बांधलेली असते. माशी डावीकडे नेली, तर तिला पुन्हा त्या सरळ रेघेत आणण्यासाठी नळीचं तोंड उजवीकडे वळवावं लागतं. तसंच उंचीचं. माशी बुटकी केली, की तिचं डोकं खाचेच्या काठापर्यंत आणायला नळीचं तोंड वर उचलावं लागतं, आणि गोळी वर जाते.

किती सरकवायची, याचाही हिशेब आहे. आमच्या बंदुकीत खाच आणि माशी यांच्यातलं अंतर पंचाहत्तर सेंटीमीटर. लक्ष्य तीस मीटरवर, म्हणजे तीन हजार सेंटीमीटर. तीन हजाराला पंचाहत्तरनं भागलं की चाळीस. माशी एक मिलिमीटर हलली, की तिकडे गोळी चाळीस मिलिमीटर, म्हणजे चार सेंटीमीटर हलणार. आमची गोळी सहा सेंटीमीटर डावीकडे पडत होती, म्हणजे माशी दीड मिलिमीटर डावीकडे न्यायची. आठ सेंटीमीटर खाली पडत होती, म्हणजे माशीची उंची दोन मिलिमीटर कमी करायची. मेस्त्रीकाका चौथीच्या पुढे शिकलेले नाहीत. हा भागाकार त्यांनी बोटांच्या पेरांवर केला आणि मी मोबाइलवर केला. उत्तर एकच आलं.

माशी नळीवर एका आडव्या चरीत घट्ट बसवलेली असते. त्यांनी आधी सुईनं नळीवर आणि माशीवर मिळून एक बारीक रेघ ओढली, ती पूर्वी कुठे होती याची खूण म्हणून. मग बंदूक लाकडी शिकंज्यात धरली, माशीला पितळेची कांडी लावली आणि लहान हातोडीनं टुक, टुक. पितळ अशासाठी, की पोलादानं माशी चेपते. दोन ठोके, मग मोजणं. पुन्हा एक ठोका. रेघेचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्यात दीड मिलिमीटरची फट दिसायला लागली. तीन बार काढले. तळहात सरळ गोलाच्या खाली आला. डाव्या-उजव्याचं काम झालं.

आता उंची. मेस्त्रींनी पिशवीतून कानस काढली आणि थांबले.

"ह्या मात्र तू इचार कर. ठोकलेला परत ठोकून मागे न्हेता येता. कानशीन काढलेला लोखंड परत लावूक येणा नाय."

मी त्यांना म्हटलं, उद्या या.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बंदूक घेऊन बसलो. खाचेतून बघितलं. माशी उजव्या भिंतीला टेकवायचा प्रयत्न केला, वर काढून धरली. असं धरलं तर आत्ताही, न घासता, गोळी उंचीला बरोबर जाईल. म्हणजे अण्णांची पद्धत मी शिकलो, तर माशीला हात लावायची गरजच नाही. गावात वडलांसारखं चालणारी, वडलांसारखं खाकरणारी माणसं मी बघितली आहेत. वडलांसारखा नेम धरायला काय हरकत? ती उंच माशी म्हणजे अण्णांची दहा-पंधरा वर्षं होती. धुरकट दिसत असताना रात्री मांगरात एकटं बसणं, सकाळी कुणाला न सांगणं, मुलाला मुंबईत पैसे पुरतात ना, एवढंच फोनवर विचारणं. त्या सगळ्याची घरात दुसरी कुठली खूण नव्हती. चष्मासुद्धा आम्ही सरणावर ठेवला होता. दोन मिलिमीटर लोखंड उरलं होतं, आणि ते मी भुसा करून उडवणार होतो.

आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिला यातलं सगळं ठाऊक होतं, डोळ्याचंही आणि माशीचंही.

"ती बंदूक काय देव्हाऱ्यात ठेवची हा?" ती म्हणाली.

"नाय."

"रातीक तू घेवन जातलंस ना?"

"होय."

"मगे? त्येंचे डोळे त्येंच्यावांगडा गेले. बंदूक हय रवली. उद्या तुझो बार चुकलो नि कोणाक लागलो तर थय येवन ते सांगतले, माजी सवय होती म्हणान?"

आणि तिनं सूप पाखडलं. तिच्या लेखी विषय संपला.

मला मात्र रात्री विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. अण्णांनी ती सवय हौसेनं लावून घेतली नव्हती. डोळा गेला म्हणून त्यांनी बंदूक आपल्याजोगी करून घेतली. ज्या कारणासाठी त्यांनी १९९८च्या आसपास जुनी माशी काढून टाकली, अगदी त्याच कारणासाठी मी ही घासणार होतो. रात्री, अंधारात, जनावर दहा पावलांवर असताना हाताला शिकलेली सवय आठवत नाही. हात स्वतःची सवय करतो. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या डोळ्याला ती जुळलेली हवी. जुनी माशी कुठे गेली, असं मी मेस्त्रींना विचारलं होतं. त्यांना आठवत नव्हतं. अण्णांनी ती जपून ठेवली नव्हती, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकाका आले. त्यांनी नळीवर माशीच्या भोवती कापड गुंडाळलं, कानस आडवी धरली आणि मोजून घासे मारले. व्हर्नियर मी धरला होता. एक मिलिमीटर गेला. तीन बार. तळहात चार सेंटीमीटर वर चढला, हिशेबाप्रमाणे. मग कानस माझ्या हातात दिली. "आता तू मार. हलक्या हातान. दोन घासे, मगे बघूचा." मी दोन मारले, बघितलं, पुन्हा दोन. आणखी अर्धा मिलिमीटर गेला. तीन बार काढले. गोलाच्या मध्यापासून दोन सेंटीमीटर खाली. गोलाच्या आतच.

मी पुन्हा कानस उचलली तेव्हा त्यांनी मनगट धरलं.

"रवांदे. अर्धो मिलिमीटर रवांदे."

"कित्याक? हिशेबान अजून निघाक होयो."

"तुका आता बावन्न झाली. तुझोय डोळो बदलतलो. तेव्हा हिशोब वेगळो येतलो. नि तुझ्या पाठसून कोण धरीत, तेका घासूक कायतरी ठेव."

दोन सेंटीमीटर तीस मीटरवर म्हणजे रानडुकराच्या मानानं काहीच नाही. मी कानस ठेवली. मेस्त्रींनी घासलेल्या जागेवर तेलाचा बोळा फिरवला. ताजं लोखंड कोकणात उघडं राहिलं तर रात्रीत तांबूस होतं. मग आम्ही घरी येऊन नळी साबणाच्या कढत पाण्यानं धुतली. जळलेली दारू हवेतलं पाणी ओढते, आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी काळंभोर निघालं, मग करडं, मग स्वच्छ. कोरड्या फडक्यानं पुसून आत खोबरेल फिरवलं. आईनं चहा आणि शिरवाळ्या दिल्या. मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, ह्या काम अण्णांच्याच खात्यातला, तेंचा अर्धा रवला होता.

पाठोपाठच्या वर्षी टाळेबंदी आली आणि मुंबईतली निम्मी वाडी गावात आली. वर्षानुवर्षं पडीक असलेले कुणगे पुन्हा पेरले गेले. त्या ऑक्टोबरात राखणीला इतकी माणसं होती, की बार काढण्याआधी दर वेळी ओरडून विचारावं लागायचं, "कोण असा रे थय?" उत्तर आल्याशिवाय, आणि कुठून आलं ते कळल्याशिवाय, मी केप चढवत नसे. त्या हंगामात माझे सगळे बार रिकामे होते. भाताचं नुकसान झालं, पण २०१९च्या निम्मंच.

आता परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षं झाली आहे. दर नूतनीकरणाला मी चिरेखाणीत जाऊन तीन बार काढतो आणि पुठ्ठ्यावर तारीख घालून तो माळ्यावर ठेवतो. मागच्या वेळी मुलगी पुण्याहून आली होती. तिनं बंदूक पोत्यावर टेकवून, बार न भरता, खाचेतून बघितलं. ती डावखुरी आहे. तिनं दस्ता डाव्या खांद्याला लावला, डावा डोळा लावला आणि म्हणाली, "बाबा, हिची माशी थोडी वाकडी दिसते."

मेस्त्रीकाका अजून आहेत. पण आता कानस धरताना त्यांचा हात थरथरतो, म्हणून चरीत माशी बसवायचं काम ते मला शिकवताहेत.